एका हाताचा कुत्रा

दादावर लिहायचे म्हणून मी अनेकदा बसलो. कागद पुढे घेतो, दोन ओळी होतात आणि तिसऱ्या ओळीत भोईर येतो. दादा माझा थोरला भाऊ. कर्जतला भाताच्या गिरणीत मेहता, म्हणजे हिशेबनीस, होता आणि त्याच्यासारखा भला माणूस मी पाहिला नाही. सावळाराम भोईर कुत्री शिकवणारा. तो मला कधीच आवडला नाही. भल्या माणसाबद्दल लिहिताना शब्द सापडत नाहीत, आणि नावडत्या माणसाचे खाकरणेसुद्धा जसेच्या तसे कानात राहते. तेव्हा आधी त्यालाच कागदावर उतरवतो. मग कदाचित तो वाटेतून बाजूला होईल.

उल्हास नदीच्या पलीकडच्या काठाला करवंदीच्या काट्यांचे कुंपण घातलेले त्याचे आवार होते. आत एक झोपडी, आंब्याचे एक झाड आणि ठिकठिकाणी पुरलेले खुंट. खंडाळ्याच्या वाटेवरचे बंगलेवाले, रेल्वेतले साहेब, गिरण्या-वखारींचे मालक आपली कुत्री त्याच्याकडे आणून सोडत. कुणाचे चावायचे, कुणाचे ऐकायचे नाही, कुणाचे राखण सोडून पळायचे. तरुणपणी तो मुंबईत साहेबलोकांची शिकारी कुत्री सांभाळायला होता, तिथे ही विद्या शिकला. लोक त्याला कुत्रेमास्तर म्हणत. अंगाला सुकटीचा वास येई, कारण कुत्र्यांना द्यायची सुकट तो सदऱ्याच्या खिशात सुटीच ठेवी. डाव्या करंगळीचे वरचे पेर नव्हते. नवा माणूस हमखास विचारी, कुत्र्याने तोडले का. तो म्हणे, "बायकोनं दार लावलं भांडनात. कुत्रं असतं तर थांबलं असतं."

तो कुणाला नमस्कार करत नसे. माणूस बोलू लागला की भोईर त्याच्या तोंडाकडे न पाहता खांद्यांकडे पाही, आणि मग आपले मत सांगे. ते नेहमी वाईट असे. एकदा कचेरीतला एक कारकून त्याच्या कुंपणाशी येऊन कुत्र्यांच्या ओरडण्याबद्दल तावातावाने बोलला. भोईरने सगळे ऐकून घेतले आणि शेजारी उभ्या असलेल्या दादाला म्हणाला, "भ्यालेला हाय. घरी कोनतरी मारतं ह्याला." कारकून लालबुंद झाला. त्याच्या घरची हकीकत कर्जतमध्ये बहुतेकांना ठाऊक होती, पण ती तोंडावर बोलणारा हा एकच निघाला. दादा घरी येऊन हे सांगताना पोट धरून हसला. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. आजही दिसत नाही.

त्याचे काम मी जवळून पाहिले ते कर्जतच्या स्टेशनावर. मी तेव्हा खालापूरच्या शाळेत शिक्षक होतो आणि सुट्टीला खोपोलीहून गाडीने दादाकडे येत असे. खोपोलीजवळ बंगला असलेल्या एका पारशी बाईंचा कुत्रा गाडीची शिट्टी ऐकली की चवताळे आणि हाताशी येईल त्याला चावे. माळी झाला, टांगेवाला झाला. शिट्टी वाजली की बाई घाबरून त्याला मांडीवर घेत. भोईरने त्यांना सांगितले, "तुमी मांडीवर घेता म्हनून त्याला वाटतंय, शिट्टीत खरंच कायतरी वाईट हाय."

"तू कुत्र्याला शिकवायला आला का मला?" बाई म्हणाल्या.

"तुमालाच. कुत्रा लवकर शिकंल."

कर्जतला घाट चढायच्या गाड्यांना मागून इंजिन जोडतात, त्यामुळे तिथे शिट्ट्यांना खळ नसतो. भोईर त्या कुत्र्याला घेऊन सकाळीच फलाटाच्या टोकाला जाऊन बसे. कुत्रा ओरडे, दोरीला हिसके देई, फेस गाळी. हा त्याला कुरवाळत नसे, रागावतही नसे. तंबाखू चघळत घाटाकडे बघत राही. स्टेशनमास्तर येऊन म्हणाले, "फलाटावर कुत्रं चालणार नाही."

"चालतंय कुठं," भोईर म्हणाला, "बसलंय."

पुढे एका दुपारी मी गाडीतून उतरलो तेव्हा इंजिन कान फुटेल असे शिट्टी घालत होते आणि कुत्रा भोईरच्या पायाशी तंगड्या ताणून झोपला होता. बाईंना कुत्रा परत देताना तो म्हणाला, "आता मांडीवर घेतलात तर मी परत येनार नाय." बाईंनी त्याच्या देखतच कुत्र्याला मांडीवर घेतले. त्यानंतर त्यांनी त्याला न्यायला दोनदा टांगा पाठवला, पण हा गेला नाही. कुत्रा मात्र पुन्हा कुणाला चावला नाही, हे मला लिहिले पाहिजे.

आता दादाच्या कुत्र्याचे सांगतो. गिरणीच्या वखारीच्या किल्ल्या दादाकडे असत आणि त्याचे घर वखारीला लागूनच होते. त्याचा आधीचा कुत्रा चोरांनी भाकरीत विष घालून मारला होता. म्हणून तांबूस रंगाचे एक उमदे पिल्लू त्याने मिळवले, त्याचे नाव तांबू ठेवले, आणि परक्याच्या हातचे खायचे नाही एवढे एकच त्याला शिकवायचे म्हणून भोईरकडे नेले. मी बरोबर होतो. भोईरने तांबूला खालीवर पाहिले, मग दादाला.

"कुत्रा बरा हाय. मालक ढिला हाय."

"ते मला आणि तांबूला, दोघांनाही मान्य आहे," दादा म्हणाला. दादाचे हे असे असे. त्याचा अपमान करणे कठीण होते.

भोईरने दादाला जमिनीवर बसवले, बोलायचे नाही म्हणून बजावले, आणि विचारले, "हात कोनाकोनाचे?" त्याची रीत अशी होती की कुत्र्याला खाऊ घालणारे हात आधी ठरवून घ्यायचे. साधारण दोन, एक मालकाचा आणि एक घरातल्या दुसऱ्या कुणाचा. त्या हातांनी रोज येऊन कुत्र्याला भरवायचे. बाकी साऱ्या जगाचे हात वाईट, हे शिकवायचे काम त्याचे. दादाने वहिनीचे नाव काढले, पण वहिनीला देवाचे, स्वयंपाकाचे सगळे करायचे असे. ती कुत्र्याला शिवत नसे. दादाने माझ्याकडे बोट दाखवले. भोईरने माझे खांदे पाहिले.

"हे मास्तर सुट्टीला येनार. सुट्टीचा हात, हात नाय."

"मग माझा एकट्याचाच," दादा म्हणाला.

भोईरचा चेहरा खुलला. त्याला एवढे प्रसन्न झालेले मी पहिल्यांदाच पाहत होतो. "एक हात असला म्हंजे काम पक्कं. असा कुत्रा माज्याकडं अजून झाला नाय."

"आणि मला काही झालं तर?"

"तुमाला काय धाड भरलीय," भोईर म्हणाला.

शिकवणी मी पाहिली आहे. चहा-विडीवर मिळतील ती माणसे तो बोलावी. ती कुंपणाशी येऊन कुत्र्याला गोड आवाजात बोलवत आणि भाकरीचा तुकडा पुढे करत, कधी लांबून टाकत. त्या तुकड्यात कोयनेल भरलेले असे. कडू जहर. कुत्रा थुंके, डोके झाडे, पुन्हा फसे, पुन्हा थुंके. मग दादा जाऊन त्याच भाकरीचा गोड घास देई. हळूहळू कुत्र्याच्या मनात जगाचे दोन भाग झाले. ज्या मुलखात पावसाळा सरला की घरटी एक माणूस हिवतापाने कुडकुडत पडे आणि पोस्टात कोयनेलच्या पुड्या कधी असत, कधी नसत, तिथे हा माणूस त्या पुड्या कुत्र्यांना चारी. लोकांना त्याचा राग यायला ही एक गोष्ट पुरेशी होती. एकदा बाजारात एका म्हातारीने त्याला अडवले. "माज्या नातवाला पुडी नाय मिलाली रं, आनि तू कुत्र्याला चारतोस?" भोईरने खिशात हात घालून होत्या तेवढ्या पुड्या तिच्या पदरात टाकल्या आणि म्हणाला, "तापात दे. नुसत्या लाडानं दिल्यास तर तो पन थुकंल." एवढे करूनही माणसाला धन्यवाद मिळू नयेत अशी त्याची बोलण्याची हातोटी होती.

तांबू तयार झाला. तो मला ओळखे, शेपूट हलवी, माझ्या पायांवर डोके ठेवून झोपे. पण मी मटणाचा तुकडा पुढे केला तर मान फिरवी आणि माझी कीव आल्यासारखे दुसरीकडे पाही. दादाला याचा फार अभिमान. तो पाहुण्यांना प्रयोग करून दाखवी.

त्यानंतरच्या वर्षी गिरणीच्या दुसऱ्या वखारीत, नदीकडच्या, चोरी झाली. भाताची पोती गेली. तिथलाही कुत्रा भोईरने शिकवलेला होता. तो भुंकला नाही, त्याला विषही घातलेले नव्हते. सकाळी पोट भरून झोपलेला सापडला. गिरणीच्या शेटांनी चार लोकांत म्हटले, "सरळ आहे. हा प्रत्येक कुत्र्यात एक हात स्वतःचा ठेवतो. कुलूप करणाऱ्यानं जादा किल्ली ठेवावी तसा." ही गोष्ट इतकी पटण्यासारखी होती की तालुकाभर कुणी तिच्यावर शंका घेतली नाही. खालापूरला शाळेच्या ओट्यावर मला ती परक्या माणसाने सांगितली. लोक आपापली कुत्री सोडवून नेऊ लागले. आवारातले खुंट रिकामे झाले.

भोईरने एका शब्दाने इन्कार केला नाही. दादा त्याला म्हणाला, "अहो, शेटांपुढे येऊन सांगा तरी."

"मी सांगून काय व्हनार. कुत्र्याला विचारा, कोनाकोनाच्या हातचं खातो."

"कुत्रा काय सांगणार?"

"तुमी पन नाय विचारत," भोईर म्हणाला आणि पाठ फिरवून गेला. दादा एकटाच त्याची बाजू घेत राहिला, त्यापायी शेटांची बोलणी खात राहिला. मी दादाला म्हटले, तू उगाच भोळेपणा करतोस. तो म्हणाला, "माझी खात्री आहे." कशावरून, ते त्याला सांगता येईना. माझी खात्री उलट होती आणि तिला कारणे भरपूर होती.

दिवाळी झाली, भात कापून झाले, आणि दादाला ताप आला. त्या मुलखातला नेहमीचा ताप. सगळ्यांना येतो, उतरतो, पुन्हा येतो. दादाचा उतरला नाही. मी रजा घेऊन आलो तेव्हा तो मला ओळखत होता. दुसऱ्या दिवशी ओळखेना. याहून जास्त मी या लेखात लिहिणार नाही. ते दुसऱ्या कागदावर लिहायचे आहे.

तांबू अंगणात दाराकडे तोंड करून बसला होता. दादा अंथरुणाला खिळला तसे त्याच्या हातचे घास थांबले होते. आम्ही माणसांच्या गडबडीत होतो. दिवसकार्य चालू झाले तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आले की कुत्र्याच्या फासळ्या मोजता येतात. मी भाकरी पुढे केली. त्याने मान फिरवली. दूध ठेवले, भांड्याला माझा हात लागलेला, त्याने हुंगले आणि मागे सरकला. वहिनी, जी त्याला कधी शिवली नव्हती, ती उंबरा ओलांडून आली, त्याच्यासमोर बसली आणि दूधभाताचा गोळा हातावर धरून म्हणाली, "खा रे बाबा. त्यांचंच घर आहे हे." तांबूने तिचे मनगट चाटले. गोळ्याला तोंड लावले नाही. वहिनी तो गोळा घेऊन उठली. मग मला म्हणाली, "भाऊजी, हा गेला तर मला घरात बसवणार नाही."

मी नदी उतरून भोईरकडे गेलो. वाटेत मी काय विचार करत होतो ते स्पष्ट लिहितो. शेटांचे म्हणणे खरे असू दे, असे मी मनात घोकत होतो. त्याने तांबूतही आपला एक हात ठेवलेला असू दे. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि अगदी मनापासून, तो माणूस चोर निघावा असे मला वाटत होते.

तो आंब्याखाली दोरी वळत होता. दादा गेल्याचे त्याला ठाऊक होते. मी कुत्र्याचे सांगितले.

"मी काय करू?" तो म्हणाला.

"तुमच्या हातचं खाईल ना तो."

त्याने दोरी खाली ठेवली. पहिल्यांदाच माझ्या खांद्यांकडे न पाहता तोंडाकडे पाहिले. "तुमी पन तेच धरून चाललाय व्हय, मास्तर," तो म्हणाला. "चला."

अंगणात माणसे होती. दादाला मान देणारे पुष्कळ होते, त्यात गिरणीचे शेटही पाहुण्यांसाठी टाकलेल्या घोंगडीवर बसले होते. भोईरला पाहून कुजबुज झाली. त्याने वहिनीकडून भाकरी मागून घेतली, तांबूसमोर उकिडवा बसला आणि तुकडा पुढे केला. तांबूने तुकड्याकडे पाहिले. मग भोईरकडे पाहिले. मग सावकाश मान फिरवली आणि डोके पुढच्या पायांवर टेकले. भोईरने हात बदलला, तुकडा तोंडाजवळ नेला, जिभेने टकटक केले. कुत्र्याने डोळे मिटून घेतले.

मी भोईरकडे पाहत होतो. त्याच्या चेहऱ्यावर जे आले ते मी विसरू शकलो नाही. ते समाधान होते. तो उभा राहिला, शेटांकडे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "शेट, बघितलात? आता सांगा तालुक्याला."

शेट घोंगडीकडे बघत राहिले. दारातून वहिनी बोलली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "माझ्या अंगणात मुकं जनावर मरतंय आणि तुम्ही साक्ष काढताय, भोईर?"

भोईर भाकरीचा तुकडा ओट्यावर ठेवून निघून गेला.

दादा बरोबर होता. भोईर प्रामाणिक होता. त्याच्या प्रामाणिकपणात एक फट असती, एखादी जादा किल्ली असती, तर तो कुत्रा त्या दिवशी जेवला असता. लोक मला पुढे म्हणाले, बिचाऱ्यावर किती खोटा आळ आला होता. मी हो म्हटले. त्याच्यावरचा माझा राग त्याने तसूभरही कमी झाला नाही. उलट आता त्या रागाला चांगली जागा मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा दारात उभा होता. वहिनी बाहेर आली.

"वैनी, कुत्रा न्यायला आलोय."

"कशाला?"

"हातचं खायचं नाय म्हनून शिकवलंय त्याला. त्याचं त्यानंच धरलं तर काय करल, ते शिकवलेलं नाय. बघतो."

"आणि तुमच्याकडे मेला तर?"

"हितं मरतोच हाय," भोईर म्हणाला. मग जमिनीकडे पाहत, "मेहताजींचा हात चांगला व्हता. जनावराला कवा घाई नाय केली त्या हातानं."

दादाबद्दल तो बोलला ते एवढेच. दादा गेल्यावर भेटायला आलेल्या कुणीही याहून खरे बोलले नाही, आणि ते याच्या तोंडून यावे याचे मला वाईट वाटले. वहिनीने मान हलवली. तांबूला उभे राहवत नव्हते. भोईरने त्याला पोत्यासारखे खांद्यावर घेतले आणि तो गेला.

त्याच्याकडून काही निरोप आला नाही. वहिनी रोज सकाळी माझ्याकडे पाही, विचारत नसे. शेवटी मी शोधत निघालो. आवार मोकळे होते. कुणीतरी सांगितले, कडावच्या बाजूला शेतात दिसला होता.

भात काढून झाल्यावर तिकडच्या वाडीतले कातकरी बांधाबांधांनी उंदरांची बिळे खणत हिंडतात. मला ते लांबूनच दिसले, चारपाच जण, आणि त्यांच्यापासून जरा बाजूला भोईर. तो बांधावर ताठ उभा होता आणि त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले होते. त्याच्यापुढे, उकरलेल्या मातीत पुढचे पाय रोवून, तांबू होता. हाडांचा सापळा, पण कान उभे.

"अरं, नुसता हात लपवून उभा," खणणारी एक बाई भोईरला म्हणाली. "कुदल तरी घे की. उंदराला भितोस काय?"

"तू खन गं. माजे हात त्याला दिसाया नकोत."

मी बांधावर चढलो. माझ्या हातात वहिनीने दिलेली भाकरीची पुरचुंडी होती. भोईरने मान न वळवता म्हटले, "थांबा तितंच. ते मागं घ्या." मी पुरचुंडी पाठीमागे घेतली आणि त्याच्यापासून काही अंतरावर उभा राहिलो.

बिळातून माती उडाली, काहीतरी करडे सटकले आणि तांबू झेपावला. एवढ्या अशक्त जनावराला ती झेप कुठून आली कोण जाणे. त्याने उंदीर दाबला, झटकला, आणि मग आमच्याकडे पाठ करून बांधाच्या पलीकडे बसून तो खाल्ला. हाडे मोडल्याचा आवाज ऐकू आला.

"कवापासनं खातोय?" मी विचारले. नकळत मी त्याच्याच बोलीत विचारले होते.

"परवापासनं. घरी येनार नाय तो आता. घरात उंदीर नाय, हात हाईत. वैनीला सांगा, खातोय. कुनाच्याच हातचं नाय."

मी त्याचे आभार मानायला हवे होते असे काहींना वाटेल. मला तेव्हा तसे वाटले नाही, आजही वाटत नाही. ज्याने कुत्र्याला उपाशी मरायला शिकवले त्याने त्याला जगू दिले, तर ते त्याचे काम होते. त्यालाही आभारांची अपेक्षा दिसली नाही.

खणणारे पुढच्या बांधाकडे निघाले. तांबू तोंड चाटत त्यांच्या मागे गेला. मग भोईर निघाला, हात तसेच पाठीमागे धरून, कुत्र्यापासून पुष्कळ अंतर ठेवून. उन्हात कापलेल्या भाताचे खुंट पिवळे दिसत होते. पुढे माझी बदली झाली, वहिनी माहेरी गेली, आणि त्याला मी पुन्हा पाहिले नाही. त्या दिवशी तांबू मध्येच एकदा थांबला आणि मागे वळून पाहू लागला. तेव्हा भोईर जागच्या जागी उभा राहिला आणि कुत्रा पुढे जाईपर्यंत हलला नाही.